पिंग लागतंय, लॉगिनही दिसतंय, पण बोर्डात शिरता येत नाही

तुमची अडचण मला समजली ती अशी. रास्पबेरी पाय ४ (छोटा, एका बोर्डावरचा संगणक) आहे, त्याला स्क्रीन किंवा कीबोर्ड नाही, आणि कार्डवर काही महिन्यांच्या सेन्सरच्या नोंदी आहेत. एसएसएचवरून (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रात शिरायची सोय) सिस्टिम अपडेट करताना मध्येच वीज गेली. परत चालू केल्यावर पिंगला (‘आहेस का?’ अशी नेटवर्कवरची हाक) उत्तर येतं, पण एसएसएच तत्काळ ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणून हात झटकतं. मग तुम्ही यूएसबी-सिरियल ॲडॉप्टर लावून मिनिकॉम (सिरियल तारेवरून बोलायचा प्रोग्रॅम) उघडलं. कर्नलचे (सिस्टिमच्या गाभ्याचे) मेसेज सरसर आले, शेवटी लॉगिनचा प्रॉम्प्टही आला, पण तुम्ही टाइप केलेलं एक अक्षरसुद्धा तिकडे उमटत नाही. आणि प्रश्न असा की, कार्ड सरळ नव्याने लिहून टाकू का?

नका लिहू. तुमच्याकडे एक नाही, दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एसएसएचचा बिघाड बोर्डावर आहे. सिरियलवर टाइप न होण्याचा बिघाड बहुधा तुमच्याच लॅपटॉपवर, मिनिकॉमच्या एका सेटिंगमध्ये आहे. दोन्ही एकाच वेळी समोर आले म्हणून बोर्ड पार गेला असं वाटतं. खरं तर ज्या बोर्डाचं कर्नल उठतं, नेटवर्क चालतं आणि लॉगिनचा प्रॉम्प्ट येतो, त्याचा नव्वद टक्के भाग शाबूत आहे.

सिरियलकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिच्यात फार वेळ जात नाही आणि ती चुकली तर पुढचं सगळं मुसळ केरात. पिंगला उत्तर देणारं यंत्र तुमचंच आहे ना? बोर्डाची वीज काढा आणि पिंग चालू ठेवा. उत्तरं थांबली तर ठीक. चालूच राहिली तर राउटरने तो पत्ता दुसऱ्याच कुणाला दिलाय आणि तुम्ही भलत्याच दारावर थाप मारताय. एआरपी टेबलात (लॅपटॉपकडची नेटवर्कवरच्या यंत्रांची यादी) मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क चिपचा क्रमांक) बघूनही हे कळतं: पाय ४ चे पत्ते बहुतेक वेळा ‘डीसी:ए६:३२’ किंवा ‘ई४:५एफ:०१’ने सुरू होतात.

आता ‘रिफ्यूज्ड’ या मेसेजबद्दल. लोक ‘एसएसएच लागत नाही’ एवढंच लिहितात आणि मेसेज गाळतात. निम्मं निदान त्या मेसेजातच असतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे पाकीट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) बोर्डापर्यंत पोचलं, आणि बोर्डाने उलट निरोप पाठवला की २२ नंबरच्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही. म्हणजे वायर, वायफाय, पत्ता, राउटर सगळं निर्दोष. फक्त एसएसएचडी, म्हणजे बोर्डावरचा एसएसएच सर्व्हर, चालू नाही. ‘टाइम्ड आउट’ आलं असतं तर वाटेत पाकीट गडप होतंय, म्हणजे फायरवॉल, चुकीचा पत्ता किंवा बंद बोर्ड. ‘नो रूट टू होस्ट’ आलं, तर त्याच नेटवर्कवर त्या पत्त्याला कुणी ओ देत नाही असं बहुतेकदा समजावं. आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं तर आनंद माना, कारण दार सापडलंय, फक्त किल्ली चुकतेय.

तर एसएसएचडी का उठत नाही हे बघायला आत जावं लागेल, आणि आत जायची वाट आत्ता एकच आहे: सिरियल. म्हणून आधी ती मोकळी करू.

मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतं. या सेटिंगमुळे लॅपटॉप एकही अक्षर पाठवण्याआधी पलीकडून सीटीएस नावाच्या पिनवर ‘पाठव’ असा इशारा येण्याची वाट बघतो. तुमच्या वायरीत तीनच तारा आहेत: ग्राउंड, टीएक्स (पाठवायची), आरएक्स (घ्यायची). सीटीएसची तारच नाही, त्यामुळे इशारा कधी येत नाही आणि तुमची अक्षरं लॅपटॉपच्या बफरमध्येच अडकून पडतात. ऐकण्यावर मात्र या सेटिंगचा काही परिणाम होत नाही. म्हणून वाचता सगळं येतं आणि लिहिता काहीच येत नाही. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. मिनिकॉममध्ये कंट्रोल-ए दाबून मग ओ दाबा, ‘सिरियल पोर्ट सेटअप’मध्ये जा, एफ दाबून हार्डवेअर फ्लो कंट्रोल ‘नो’ करा आणि ‘सेव्ह सेटअप ॲज डीएफएल’ निवडा, नाहीतर पुढच्या वेळी परत तेच. नंतर एंटर दाबा.

मी स्वतः अशा कामाला मिनिकॉम वापरत नाही. पिकोकॉम मुळातच फ्लो कंट्रोल न लावता उघडतं आणि सुरू होताना कोणती सेटिंग धरली आहेत ते पडद्यावर छापतं, त्यामुळे अंदाजपंचे काही उरत नाही. पुटी वापरणाऱ्यांनीही सिरियलच्या पानावर फ्लो कंट्रोल ‘नन’ करून घ्यावं.

हे करूनही अक्षर गेलं नाही तर मग तारांकडे बघायचं. पायच्या ४० पिनांच्या रांगेत ६ नंबरला ग्राउंड, ८ नंबरला बोर्डाचा टीएक्स आणि १० नंबरला बोर्डाचा आरएक्स. तुम्हाला मेसेज दिसतायत म्हणजे ६ आणि ८ बरोबर बसलेत. संशय फक्त १० वर: ॲडॉप्टरचा टीएक्स तिथे नीट बसलाय का, की एक घर सरकून १२ वर गेलाय?

आणि ॲडॉप्टरवरच शंका असेल तर त्याची परीक्षा बोर्डाशिवाय घेता येते. बोर्डाकडच्या तारा काढा, ॲडॉप्टरचे टीएक्स आणि आरएक्स एका जंपरने एकमेकांना जोडा, आणि मिनिकॉममध्ये काहीही टाइप करा. टाइप केलेलं तसंच परत दिसलं तर ॲडॉप्टर, ड्रायव्हर, प्रोग्रॅम आणि फ्लो कंट्रोल चारही पास. जंपर काढल्यावर अक्षरं थांबायला हवीत, नाहीतर तुम्ही लोकल एको चालू ठेवलाय आणि स्वतःचंच लिहिलेलं वाचताय. ही परीक्षा इतकी स्वस्त आणि निर्णायक आहे की सिरियलच्या कुठल्याही तक्रारीत मी हीच आधी करायला सांगतो.

व्होल्टेजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चूक झाली तर ती सेटिंग बदलून सुधारत नाही. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांना ५ व्होल्टचा संकेत दिला तर पिन हळूहळू किंवा पटकन मरते. जुन्या नऊ पिनांच्या आरएस-२३२ पोर्टवरून थेट तार आणली तर तिथे उणे-अधिक अनेक व्होल्ट असतात. बोर्ड गेलाच समजा. पुष्कळ ॲडॉप्टरवर ३.३ आणि ५ असा जंपर असतो, पण काहींमध्ये तो फक्त व्हीसीसी (वीजपुरवठ्याच्या) पिनेचं व्होल्टेज बदलतो, संकेताचं नाही. म्हणून विश्वास मल्टिमीटरवर ठेवा: ॲडॉप्टर यूएसबीत लावा, बोर्ड जोडू नका, आणि टीएक्स व ग्राउंड यांच्यात मोजा. सिरियलची रेघ निवांत असताना वर असते, त्यामुळे जो आकडा दिसेल तीच त्याची पातळी. ३.३ च्या आसपास दिसलं तर जोडा. ९६बोर्ड्सच्या आराखड्यातल्या बोर्डांवर तर ही रेघ १.८ व्होल्टची असते, तिथे ३.३ सुद्धा जास्त होतात. आणि व्हीसीसीची लाल तार बोर्डाला लावूच नका; बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा आहे, दोन पुरवठे एकमेकांत भिडवायचं कारण नाही.

एक उपद्रव असाही आहे की बोर्डाची वीज काढली तरी ॲडॉप्टरच्या टीएक्समधून थोडी वीज पिनेच्या आतल्या संरक्षक डायोडवाटे बोर्डात झिरपत राहते. मग बोर्ड पुरता बंदही होत नाही आणि धड रीसेटही होत नाही. वीज काढून लावल्यावर बोर्ड अर्धवट वागत असेल तर एकदा सिरियलची तारही काढून, थोडं थांबून, मग पुन्हा सुरू करून बघा.

तुमच्या बाबतीत नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांचं म्हणून: पडद्यावर अक्षरांऐवजी कचरा दिसत असेल तर बॉड रेट (सिरियलचा वेग) चुकलाय. लिनक्सच्या बोर्डांवर ११५२०० हा सर्रास चालणारा आकडा. रॉकचिपच्या आरके३३९९ आणि आरके३५८८ वाल्या बोर्डांवर मात्र तो बहुधा १५००००० असतो, आणि सीपी२१०२ चिपचा ॲडॉप्टर १० लाखांच्या पुढे जात नाही, त्यामुळे तिथे सेटिंग बरोबर असूनही कचराच दिसतो. एफटी२३२आर चिपचा घ्या. काहीच दिसत नसेल आणि लिनक्सवर ‘टीटीवाययूएसबी०’ हे उपकरणच तयार होत नसेल तर डीमेसेज (dmesg, कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) बघा. सीएच३४० चिपचा ॲडॉप्टर उबुंटू २२.०४ वर लागतो आणि क्षणात नाहीसा होतो, ही तक्रार फार जुनी आहे. ब्रेल पडद्यासाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा त्याला आपलं उपकरण समजून पळवते. ब्रेल पडदा वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका. उपकरण आहे पण उघडत नाही, तर तुमचा यूजर ‘डायलआउट’ गटात नाही. गटात घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायला विसरू नका. मॅकवर ‘टीटीवाय’ऐवजी ‘सीयू’ने सुरू होणारं नाव उघडा.

आणखी एक प्रकार नेहमी दिसतो: कर्नलचे मेसेज येतात आणि मग सगळं चिडीचूप, लॉगिन येतच नाही. याचा अर्थ त्या पोर्टवर गेटी (लॉगिनचा प्रॉम्प्ट दाखवणारा प्रोग्रॅम) चालू नाही. कर्नलचे मेसेज आणि लॉगिन ही दोन वेगळ्या प्रोग्रॅमांची कामं आहेत. सिस्टिमडी (बूट होताना सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) असेल तर कर्नलच्या कमांड ओळीतलं ‘कन्सोल=’ बघून ते त्या पोर्टवर आपणहून गेटी लावतं. बिझीबॉक्सवर चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये ती ओळ इनिटटॅब फायलीत हाताने लिहावी लागते. तिथे पोर्टचं नाव चुकणं हा सगळ्यात सामान्य घोटाळा, कारण ते चिपगणिक बदलतं: पायवर ‘टीटीवायएस०’ किंवा ‘टीटीवायएएमए०’, आय.एमएक्सवर ‘टीटीवायएमएक्ससी०’, झिंकवर ‘टीटीवायपीएस०’. जुन्या बीगलबोनवर ते ‘टीटीवायओ०’ होतं, नव्या कर्नलवर ‘टीटीवायएस०’ झालं, आणि जुनी इनिटटॅब नव्या कर्नलवर नेणारे तिथे अडतात. स्वतः बांधलेल्या कर्नलवर ‘डेव्ह-टीटीवायएस०.डिव्हाइस’ची वाट बघत दीड मिनिट गेलं आणि मग टाइमआउट झाला, तर कर्नलच्या कॉन्फिगमध्ये एफहँडल हा पर्याय चालू आहे का बघा. नावावरून कुणाला शंका यायची नाही, पण सिस्टिमडीला तो लागतो.

परत तुमच्याकडे. लॉगिन झालं की आधी काहीही दुरुस्त करू नका, फक्त बघा. ‘माउंट’ चालवून रूट फाइलसिस्टिम ‘आरडब्ल्यू’ (लिहिता येणारी) आहे की ‘आरओ’ (फक्त वाचता येणारी) ते पाहा, ‘डीएफ -एच’ने जागा पाहा, ‘डीएफ -आय’ने आयनोड (फायलींच्या नोंदींची जागा) पाहा. डीमेसेजमध्ये ‘एक्सट४-एफएस एरर’ आणि त्यामागोमाग ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’ अशी ओळ दिसली तर तिथेच थांबा. बोर्ड नीट बंद करा, कार्ड काढा आणि दुसऱ्या लिनक्स यंत्रावर त्याची संपूर्ण प्रतिमा काढून ठेवा. कार्ड वाचताना चुका येत असतील तर डीडीऐवजी डीडीरेस्क्यू वापरा, ते खराब भाग वगळून आधी चांगला भाग उचलतं. एफएससीके त्यानंतर. एफएससीकेचं काम फाइलसिस्टिमचा हिशेब जुळवणं आहे, तुमच्या नोंदी जपणं नाही. हिशेब जुळवण्यासाठी ते फायली छाटूही शकतं. प्रतिमा हाताशी असेल तर त्याला खुशाल छाटू द्या.

फाइलसिस्टिम ‘आरडब्ल्यू’ असेल तरी नोंदींचं फोल्डर आधी कुठेतरी कॉपी करा. नेटवर्क चालू आहेच. बोर्डावरूनच बाहेरच्या यंत्राकडे एससीपीने (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) ढकलता येतं. एसएसएचडी बंद असला तरी एसएसएचचा क्लायंट सहसा चालतो, हे घाईत सुचत नाही.

मग ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस एसएसएच’ आणि ‘जर्नलसीटीएल -यू एसएसएच -बी’. डेबियनच्या घराण्यात सेवेचं नाव ‘एसएसएच’ आहे, इतरत्र ‘एसएसएचडी’. नोंदीतून उलगडा झाला नाही तर सुडो लावून, पूर्ण वाटेनिशी, ‘/यूएसआर/एसबिन/एसएसएचडी -टी’ चालवा. हा पर्याय सर्व्हर सुरू न करता फक्त कॉन्फिगरेशन आणि किल्ल्या तपासतो. इथे एक फसवी ओळ येऊ शकते: ‘मिसिंग प्रिव्हिलेज सेपरेशन डिरेक्टरी: /रन/एसएसएचडी’. पुष्कळ जण तिलाच रोग समजतात. ते फोल्डर सेवा सुरू होताना तयार होतं आणि तुमची सेवा सुरूच झालेली नाही, म्हणून ते नाही. एमकेडीआयआरने तयार करा आणि ‘-टी’ पुन्हा चालवा. खरा मेसेज आता येईल.

अपडेट मध्येच तुटलंय, त्यामुळे माझा अंदाज असा की ओपनएसएसएचचं पॅकेज किंवा त्याला लागणारी एखादी लायब्ररी अर्धवट बसली आहे. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा. अर्धवट राहिलेली पॅकेजं ते पूर्णत्वाला नेतं. पाठोपाठ ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. नंतर ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ने बसवलेल्या फायलींचे चेकसम पडताळा. यादीत कॉन्फिगरेशनच्या फायली दिसल्या तर घाबरू नका, त्या तुम्हीच कधीतरी बदलल्या असतील. पण एखादी लायब्ररी किंवा प्रोग्रॅमची फाइल दिसली तर ते पॅकेज ‘--रीइन्स्टॉल’ लावून परत बसवा.

दुसरी शक्यता होस्ट किल्ल्यांची, म्हणजे बोर्डाची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांची. ‘/ईटीसी/एसएसएच’मध्ये ‘एलएस -एल’ करून ‘एसएसएच_होस्ट’ने सुरू होणाऱ्या फायलींचे आकार बघा. वीज गेल्यावर नुकत्याच लिहिलेल्या फायली नावानिशी असतात पण आकार शून्य, हा प्रकार छोट्या बोर्डांवर नेहमी दिसतो. नाव फाइलसिस्टिमच्या जर्नलमध्ये पोचलेलं असतं, मजकूर कार्डापर्यंत पोचलेला नसतो. सगळ्याच किल्ल्या रिकाम्या असतील तर एसएसएचडी ‘नो होस्टकीज अव्हेलेबल’ म्हणून उठायला नकार देतो. रिकाम्या फायली आधी पुसा, मग ‘एसएसएच-कीजेन -ए’ चालवा, त्यातला ‘ए’ कॅपिटल. सेवा सुरू करा. यानंतर तुमच्या लॅपटॉपवर होस्टची ओळख बदलली म्हणून मोठी तंबी येईल. किल्ल्या तुम्हीच बदलल्यात, तेव्हा ‘एसएसएच-कीजेन -आर’ला, कॅपिटल आर, बोर्डाचा पत्ता देऊन जुनी नोंद काढा. काहीही न बदलता हीच तंबी आली असती तर मात्र ती झटकून टाकण्यासारखी नसते.

सिरियलवर लॉगिन आलं पण पासवर्डच चालत नाही, असं झालं तर? एप्रिल २०२२ पासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये ‘पाय’ हा ठरलेला यूजर आणि त्याचा जगजाहीर पासवर्ड राहिलेला नाही, तेव्हा जुन्या लेखांवरून ती जोडी मारून बघू नका. कार्ड दुसऱ्या यंत्रात घाला, बूट विभाजनातली सीएमडीलाइन.टीएक्सटी उघडा आणि ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/एसएच’ जोडा. ती फाइल एकाच ओळीची असते. नवी ओळ पडली तर पुढचं वाचलंच जात नाही. आता यात एक खोच आहे. त्या ओळीत ‘कन्सोल=सिरियल०,११५२००’ आणि त्यानंतर ‘कन्सोल=टीटीवाय१’ अशा दोन नोंदी असतात. कर्नल मेसेज दोन्हीकडे पाठवतं, पण शेल मिळतो तो शेवटच्या नोंदीवर, म्हणजे एचडीएमआयच्या पडद्यावर. तुमच्याकडे पडदा नाही, मग शेल उघडूनही तुम्हाला तो दिसणार नाही आणि बोर्ड लटकला असं वाटेल. सिरियलची नोंद शेवटी आणा. सेवा सुरू झाल्याचे सिस्टिमडीचे हिरवे ‘ओके’ तुम्हाला सिरियलवर दिसले नसतील तर त्याचंही कारण हेच.

त्या उघड्या शेलमध्ये ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ करा, ‘पासडब्ल्यूडी’ला यूजरचं नाव देऊन नवा पासवर्ड घाला, ‘सिंक’ चालवा, परत ‘आरओ’ करा आणि वीज काढा. ‘एक्झिट’ लिहू नका; तो शेलच पहिली प्रोसेस आहे, ती संपली की कर्नल पॅनिक होतं. शिवाय तिथे कंट्रोल-सी चालत नाही, त्यामुळे पिंगसारखी स्वतःहून न थांबणारी कमांड दिलीत तर वीज काढूनच सुटका. काम झाल्यावर ‘इनिट=’ काढायला विसरू नका.

एसएसएचडी उठला, पण तरी शेल हातात येत नाही, असेही काही प्रकार उरतात. क्लायंटला ‘-व्हीव्हीव्ही’ लावून गाडी कुठे अडते ते बघा. ‘एक्सपेक्टिंग एसएसएच२_एमएसजी_केईएक्स’ अशा ओळीवर थांबली तर वाटेत कुठेतरी मोठी पाकिटं गळतायत; एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) कमी करून बघा, विशेषतः मध्ये व्हीपीएन असेल तर. पासवर्ड घेतला आणि मग गोठली, तेही फक्त वायफायवर, तर ‘आयपीक्यूओएस=थ्रूपुट’ हा पर्याय देऊन बघा; ओपनएसएसएच ७.८ पासून पाकिटांवरची खूण बदलली आणि काही वायफाय ड्रायव्हरांना व राउटरांना ती पचत नाही. ‘पीटीवाय अलोकेशन रिक्वेस्ट फेल्ड’ आलं तर ‘/डेव्ह/पीटीएस’वर डेव्हपीटीएस (टर्मिनलांसाठीची फाइलसिस्टिम) माउंट नाही, स्वतः बांधलेल्या रूट फाइलसिस्टिममध्ये हे हटकून राहतं. अशा वेळीही ‘एसएसएच -टी’ने, कॅपिटल टी, टर्मिनल न मागता कमांड चालवता येते आणि तिनेच ते माउंट करता येतं. किल्ली नाकारली जात असेल तर ‘.एसएसएच’ फोल्डरला ७००, ‘ऑथराइझ्ड_कीज’ला ६००, आणि होम फोल्डरवर इतर कुणाला लिहायची मुभा नाही ना, हे तिसरं बघा, पहिली दोन सगळे करतात.

जुन्या उपकरणांवर ‘नो मॅचिंग होस्ट की टाइप फाउंड, देअर ऑफर: एसएसएच-आरएसए’ येतं. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ८.८ने एसएचए-१ वर चालणारी ती सही मुळातच बंद केली. त्या एका होस्टपुरतं ‘होस्टकीअल्गोरिदम्स=+एसएसएच-आरएसए’ कॉन्फिगमध्ये लिहा, सगळ्या जगासाठी नको. तसंच एप्रिल २०२२ च्या ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतं. ड्रॉपबेअरवाल्या (हलका एसएसएच सर्व्हर) छोट्या बोर्डावर एसएफटीपीचा सर्व्हर सहसा नसतो, मग लॉगिन होतं पण फाइल जात नाही. ‘एससीपी -ओ’, कॅपिटल ओ, लावलं की जुनी पद्धत चालू होते.

सिरियलवर काम करताना लांब ओळी एकमेकांवर चढतील आणि व्हीआय अर्ध्याच पडद्यात उघडेल. सिरियलच्या तारेवरून खिडकीचा आकार कळवला जात नाही, त्यामुळे बोर्ड ८० बाय २४ धरून चालतो. ‘एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०’ (रोज म्हणजे rows, ओळी) असा आपला आकार हाताने सांगा. पडदा विचित्र अक्षरांनी भरला तर ‘रीसेट’ लिहून एंटर, लिहिलेलं दिसलं नाही तरी. सगळं गोठलं तर आधी कंट्रोल-क्यू दाबा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं असेल तर तेवढ्यानेच सुटतं.

अपडेट पूर्ण करताना या वेळी टीमक्समध्ये (tmux, जोडणी तुटली तरी शेल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) करा. एसएसएच तुटलं तरी अपडेट बोर्डावर चालू राहतं आणि परत जोडून घेता येतं. वीज गेली तर टीमक्सचा काही उपयोग नाही, त्याला यूपीएसच लागेल. आणि ‘-टी’ने काय मेसेज दिला ते जसाच्या तसा कळवा; डीपीकेजीने काम झालं नाही तर पुढची दिशा त्या ओळीवरूनच ठरेल.